अक्षर हरवले की उच्चार चुकला

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कोणी 'बीसी फाइव्ह फोर सेव्हन, दहा नग' मागितले आणि गलक्यात काउंटरपलीकडच्या माणसाला 'फाइव्ह फाइव्ह सेव्हन' ऐकू आले, तर पुडीत पडणारे ट्रान्झिस्टर दिसायला हुबेहूब तेच असतात. तीच काळी अर्धगोल टोपी, तेच तीन पाय. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर हा क्रमही तोच. फरक एवढाच, की बीसी ५४७ एनपीएन आहे आणि बीसी ५५७ पीएनपी, म्हणजे दोघांतून वीज वाहण्याची दिशा उलटी. सर्किटात बसवल्यावर एलईडी लागत नाही, रिले टिक् करत नाही आणि विद्यार्थी तासभर आपले सोल्डरिंग तपासत बसतो. सोल्डरिंग चांगलेच असते. निसटलेला असतो तो कानातून एक अंक.

इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकातल्या लघुरूपांचा उच्चार कसा करायचा, हा वाद बहुतेक वेळा प्रतिष्ठेवर जातो. जिफ म्हणावे की गिफ, एसक्यूएल की सीक्वेल, अमेरिकेत काय म्हणतात, कोणाचा उच्चार गावंढळ वाटतो. माझ्या मते इथे एकच कसोटी लावावी आणि ती कामाची असावी. लघुरूप उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात नेमकी तीच अक्षरे, त्याच क्रमाने उमटली पाहिजेत. म्हणजे तो योग्य भाग उचलेल, त्याचे योग्य माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीट, उघडेल. अक्षर पोचले तर उच्चार बरोबर. अक्षर हरवले तर उच्चार चुकला, मग तो कितीही सफाईदार इंग्रजीत केलेला असो.

हा प्रश्न आता चार मित्रांच्या गप्पांपुरता राहिलेला नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकीची पदवी शिकवायला परवानगी दिली. पदविकेतही मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय आला. पुस्तके तयार होऊ लागली. पण यातल्या बऱ्याच मजकुरात वाक्य मराठी असते आणि लघुरूप तेवढे रोमन अक्षरांत तसेच ठेवलेले असते. डोळा त्यावरून सहज पुढे सरकतो. वाचणाऱ्याला तो शब्द मनातल्या मनातही म्हणावा लागत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक समोर बसला की मात्र तोच शब्द तोंडातून काढायची वेळ येते, आणि उत्तर येत असूनही मुलाची गाडी तिथे अडते. जो शब्द म्हणता येत नाही तो वर्गात विचारताही येत नाही, हे त्याहून मोठे नुकसान.

या कसोटीचा पहिला फायदा आपल्या बोलींना मिळतो. मराठीच्या अनेक भागांत शब्दाच्या सुरुवातीच्या 'ए'चा 'ये' होतो: एकचे येक, एवढ्याचे येवढे. त्याच चालीने एलचे येल, एमचे येम, एसचे येस होते. 'सी'ची 'शी' होते. वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण आली, तरी गावोगाव 'येमेशीबी' अजून नांदते आहे. आता कसोटी लावून पाहा. इंग्रजी वर्णमालेत 'येम' किंवा 'शी' नावाचे दुसरे एखादे अक्षर आहे का? नाही. म्हणजे 'येल ई डी' म्हणणाऱ्याने एकही अक्षर हरवलेले नाही आणि ऐकणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता शून्य आहे. अशा विद्यार्थ्याचे तोंडी परीक्षेतले गुण कापणे किंवा त्याच्या उच्चारावर वर्गात हसू उमटू देणे हा निव्वळ अन्याय आहे. तांत्रिकदृष्ट्या त्याचा उच्चार निर्दोष आहे.

याउलट उदाहरण पाहा. ज्या चिपवरचा मजकूर वीज देऊनच पुसता आणि पुन्हा लिहिता येतो, तिच्या नावात 'प्रॉम'च्या आधी दोन 'ई' आहेत. जिच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि मजकूर पुसायला अतिनील दिव्याखाली साधारण पंधरा-वीस मिनिटे ठेवावी लागते, तिच्या नावात एकच 'ई' आहे. शाळेत शिकलेला सवर्णदीर्घ संधी आठवा: मही अधिक ईश, महीश. दोन 'ई' शेजारी आले की मराठी जीभ त्यांचा एक करून टाकते. त्यामुळे 'ईईप्रॉम' असे कितीही काळजीपूर्वक म्हटले तरी समोरच्याला 'ईप्रॉम' ऐकू येते. मग दोन 'ई'वाल्या २८सी२५६ च्या ऐवजी एक 'ई'वाली २७सी२५६ हातात पडते. दोन्हींना २८ पाय, दोन्हींत ३२ किलोबाइट जागा. पहिल्यांदा लिहिताना काम होऊनही जाते. दुसऱ्यांदा लिहायला गेले की चिपवर मजकूर लिहिणारे यंत्र, म्हणजे प्रोग्रामर, पडताळणीत चूक दाखवतो, कारण या चिपवर एकाचा शून्य करता येतो, पण शून्याचा पुन्हा एक करायला अतिनील प्रकाशच लागतो. चिप खराब आहे असे समजून ती फेकली जाते. म्हणून 'डबल-ई-प्रॉम' हाच उच्चार शिकवला पाहिजे आणि पुस्तकातही तसाच छापला पाहिजे. विद्युत अभियंत्यांची जी जागतिक संस्था १९६३ पासून या नावाने चालते, तिला सगळे 'आय-ट्रिपल-ई' म्हणतात तेही याच कारणाने. तीन 'ई' एका दमात मोजून घेणे कोणत्याच कानाला जमत नाही.

लघुरूप सुटी अक्षरे म्हणून बोलायचे की सलग शब्द म्हणून, यावर मराठीने आपल्या परीने फार पूर्वीच उत्तर शोधले आहे. आपण स्वतः लघुरूपे करतो तेव्हा ती शब्दासारखीच होतात: शेकाप, मनसे, भाजप, मसाप, अंनिस. इंग्रजी अक्षराला नाव वेगळे आणि ध्वनी वेगळा असतो. देवनागरीतले अक्षर हाच एक पूर्ण उच्चार आहे. त्यामुळे रॅम, रॉम, सिम, डिप, रडार, लेझर, मॉसफेट हे शब्द मराठीत शिरताना कुठे अडखळले नाहीत. ते आल्याआल्या मराठी व्याकरणाला जोडले गेले. रॅम कमी 'पडते', लेझरने कापतात, दोन सिम'मधलं' एक बंद पडतं. पण सुटी अक्षरेही इथे परकी राहिलेली नाहीत. गावात 'डीपी जळाली' म्हटले की रोहित्र जळाले हे शेंबड्या पोरालाही कळते. डीपीवर आकडा टाकतात, तालुक्यात नव्या 'डीप्या' येतात. एसटीचे तर काही सांगायलाच नको. तेव्हा अमुकच पद्धत मराठी आणि तमुक परकी असे म्हणायला आधार नाही. निवड प्रत्येक लघुरूपापुरती करावी लागते आणि करताना बघायचे ते एवढेच, की त्याच खोलीत, त्याच टेबलावर त्याच आवाजाची दुसरी एखादी वस्तू आहे का.

एलईडीला शब्द करून 'लेड' म्हटले असते तर? सोल्डरमध्ये शिसे असते, त्याला दुकानात लेड म्हणतात, शिसेविरहित सोल्डर 'लेड-फ्री' या नावानेच मिळते. भागाच्या पायाला लीड म्हणतात, तो वेगळाच. तीन वस्तू एकाच टेबलावर, म्हणून एल-ई-डी ही सुटी अक्षरेच योग्य. व्होल्टेज रेग्युलेटरच्या त्या ओळखीच्या आवरणाचे नाव टीओ-२२० आहे. त्याला कोणी 'टू-टू-ट्वेंटी' म्हणाले की ऐकणारा २२२० लिहून घेतो, आणि त्या क्रमांकाच्या मापाचे पृष्ठभागी बसणारे कपॅसिटर खरोखरच मिळतात. इथेही 'टी-ओ' सुटेच हवे. सी-मॉस, जे-पेग, आय-स्क्वेअर-सी या जोडउच्चारांना हरकत नाही, कारण त्यांतून मूळ अक्षरे परत काढता येतात. आय-टू-सी म्हटले तरी बिघडत नाही. 'रिस्क' या प्रोसेसर रचनेचा धोका या अर्थाच्या शब्दाशी घोळ होत नाही, दोघे एका टेबलावर कधी येत नाहीत. मात्र 'रिस्क-फाइव्ह' या रचनेच्या नावात शेवटचे जे चिन्ह आहे ते रोमन पाच आहे. ते व्ही अक्षर समजून 'रिस्क-व्ही' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला चार आधीच्या पिढ्या होत्या हेच कळत नाही.

आता 'ज्याने बनवले तो म्हणतो तेच खरे' या युक्तिवादाकडे येऊ. गिफ हे चित्राचे स्वरूप १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने तयार केले. २०१३ साली वेबी पुरस्कार घेताना त्यांनी स्पष्ट सांगितले, की उच्चार 'जिफ' असाच आहे. विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात, पहिले अक्षर ग्राफिक्सचे आहे, म्हणून 'ग' हवा. दोन्ही बाजू वस्तूच्या जन्माकडे बघतात, वापराकडे बघत नाहीत. मराठीत बोलताना 'जिफ' म्हटले की त्याच्या शेजारी 'झिप' उभी असते. दोन्ही फायली, दोन्ही रोज पाठवल्या जाणाऱ्या. हिंदी वळणाने बोलणारे झिपला 'जिप' म्हणतात, आणि शब्दाच्या शेवटी 'फ' आणि 'प' यांतला फरक फोनवर विरून जातो. 'गिफ'च्या वाटेत असे काही येत नाही. भेटवस्तूचा 'गिफ्ट' आहे, पण त्यातला 'ट' स्पष्ट वाजतो. म्हणून मराठीत गिफ. विल्हाइट यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही, आपल्या कानाला काय वेगळे ऐकू येते हे त्यांनी ठरवायचे नाही.

एसक्यूएलची कथा याला पूरक आहे. १९७४ साली आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसमधून माहिती काढण्याची ही भाषा मांडली तेव्हा तिचे नाव खरेच सीक्वेल होते आणि स्पेलिंगही तसे होते. पुढे ते नाव विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या व्यापारचिन्हात असल्याचे कळले, म्हणून मधले स्वर काढून तीन अक्षरे उरली. नाव गेले, जुना उच्चार मात्र अनेकांच्या तोंडी राहिला. आपल्याकडे वर्गांत एस-क्यू-एल रुळले आहे. ते अक्षरे जशीच्या तशी पोचवते, आणि सीक्वेल म्हटले की मराठी कानाला आधी चित्रपटाचा पुढचा भाग आठवतो. डिस्कसारखी उपकरणे संगणकाला जोडण्याच्या एससीएसआय या पद्धतीला स्कझी म्हणतात; तो उच्चार ऐकून मात्र मूळ चार अक्षरे कोणालाही सुचणार नाहीत. तिथे पुस्तकाने उच्चार आणि अक्षरे दोन्ही दिली पाहिजेत, कारण सर्व्हरच्या जगात आय-स्कझी अजून भेटते.

इथपर्यंतची उदाहरणे जगात कुठेही लागू पडतील. खास आपला म्हणावा असा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. देवनागरीत मोठी लिपी आणि छोटी लिपी असा भेद नाही. रोमनमध्ये छोटा 'एम' म्हणजे मिलि, मोठा 'एम' म्हणजे मेगा. छोटा 'बी' म्हणजे बिट, मोठा 'बी' म्हणजे बाइट. बोलताना हा भेद इंग्रजीतही ऐकू येत नाही, पण कागदावर तो शाबूत राहतो. आपण 'एमबी' लिहिले की तो कागदावरूनही पुसला जातो.

याचा हिशेब रोजच्या व्यवहारात कसा चुकतो ते बघा. '१०० एमबीचे कनेक्शन घेतले, पण डाउनलोड १२च्या वर जात नाही' ही तक्रार नेहमीची आहे. कनेक्शन शंभर मेगाबिट प्रतिसेकंदाचे असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर भागिले आठ, साडेबारा मेगाबाइट प्रतिसेकंद. त्यातला थोडा भाग जोडणीच्या व्यवस्थेतच खर्च होतो, म्हणजे १२च्या आसपासचा आकडा अगदी चोख आहे. हजार मेगाबाइटची फाइल उतरायला किमान ८० सेकंद लागणारच. ग्राहक दहा सेकंदांची वाट बघत असतो. दोन वेगळ्या एककांना मराठीत एकच नाव पडले आणि त्या एका नावापायी माणूस आपण फसवले गेलो असे समजतो. मिलि आणि मेगा यांत तर अब्जपटीचा फरक आहे. लेझर पॉइंटरची ताकद आणि पवनचक्कीची ताकद दोन्ही 'एमडब्ल्यू'मध्ये लिहिता येतात.

पंख्याच्या कंडेन्सरइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. छताचा पंखा हळू फिरायला लागला की मिस्त्री 'अडीच एमएफडीचा' कंडेन्सर आणायला सांगतो. डबीवर २.५, त्यापुढे एककाची खूण आणि ४४० व्होल्ट एसी असे छापलेले असते. या एमएफडीमधला 'एम' ना मिलि, ना मेगा; तो मायक्रो आहे. ही जुन्या काळापासून चालत आलेली लिहिण्याची रीत. दुकानदाराचे काम अडत नाही, कारण पंख्यासाठी अडीच म्हटले की त्याचा हात योग्य खोक्याकडेच जातो. पण पदविकेच्या पहिल्या वर्षातला मुलगा हाच 'एम' मिलि धरून गणित करतो आणि हजारपट चुकतो. यावरचा उपाय सोपा आहे आणि त्यात तडजोड नसावी. एककाआधीचा उपसर्ग मराठीत कधीही अक्षराने बोलू नये आणि लिहू नये. मिलिअँपिअर, मायक्रोफॅरड, नॅनोफॅरड, मेगाओहम, मेगाबिट, मेगाबाइट, पूर्ण शब्द. दोन अक्षरे जास्त लागतात, लागू देत.

अंकांचे दुखणे याच जातीचे आहे. अठ्ठ्याहत्तर म्हणताना आपल्या तोंडून आधी आठ येतो आणि मग सत्तर. ऐकता ऐकता लिहून घेणारा आधी ८ लिहितो. एकोणऐंशीमध्ये तर नऊ कुठेच ऐकू येत नाही, ऐंशी तेवढे ऐकू येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले तेव्हा राज्यभर वाद झाला. घरात, बाजारात एकवीसच राहावे असे मलाही वाटते. पण भागाचा क्रमांक ही मोजायची संख्या नसते, ते नाव असते. त्यामुळे तो एकेक अंकाने सांगावा: सात-आठ-शून्य-पाच. 'ओ' म्हणू नये, कारण 'ओ' हे अक्षरही आहे.

ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या ७८०५ आणि ७९०५ या रेग्युलेटरच्या जोडीत एका अंकाची चूक किती महाग पडते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. पहिला अधिक पाच व्होल्ट देतो, दुसरा उणे पाच. आवरण तेच. पण ७८०५ चे पाय अनुक्रमे इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे आहेत. ७९०५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एकाच्या जागी दुसरा बसवला की इनपुटचा पुरवठा ग्राउंडच्या पायावर जातो, आउटपुटला पाच व्होल्ट मिळत नाहीत आणि आयसी तापून जाऊ शकतो. पाठीचा पत्राही फसवा आहे: ७८०५ मध्ये तो ग्राउंडला जोडलेला असतो, ७९०५ मध्ये इनपुटला. दोघांना उष्णता घालवणाऱ्या एकाच पत्र्यावर, म्हणजे हीटसिंकवर, मायकाची चकती न घालता कसले, की थेट शॉर्ट. म्हणून क्रमांकाला कामाची जोड द्यावी. 'सात-नऊ-शून्य-पाच, उणे पाच व्होल्टचा.' 'बीसी पाच-चार-सात, एनपीएन.' एक धागा कानातून सुटला तरी दुसरा हाती राहतो.

घरच्या वायरिंगमध्ये ही सवय जिवाशी निगडित आहे. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट झाले की वीजपुरवठा तोडतो. आरसीसीबी फक्त विजेची गळती ओळखतो. माणसाच्या संरक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात आणि त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून बघावे लागते. आरसीबीओमध्ये दोन्ही कामे असतात. फोनवर हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतात, त्यात जुन्या सवयीने काही जण सगळ्यालाच ईएलसीबी हे गळती ओळखणाऱ्या जुन्या उपकरणाचे नाव देतात. आरसीबीओ समजून आरसीसीबी एकटाच बसवला, तर त्या घरातल्या वायरला जास्त भारापासून संरक्षणच राहत नाही, आणि हे कळायला वायर तापावी लागते. 'गळतीचा', 'भाराचा', 'दोन्हींचा' हे तीन मराठी शब्द पाठीमागे जोडले की चूक दुकानाच्या काउंटरवरच पकडली जाते.

सुटी अक्षरे फोनवर सांगताना सगळ्यात जास्त दगा देणारा गट म्हणजे ईकारान्तांचा: बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. त्यानंतर एम आणि एन, एफ आणि एस, जे आणि के. विमानवाहतुकीने यासाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला १९५६ पासून जगभर लागू केली. ती पाठ करणे उत्तमच, पण दोन्ही टोकांच्या माणसांना ती येत असेल तरच तिचा उपयोग. आपल्याकडे गावांची नावे दोन्ही टोकांना आधीच माहीत असतात. बीड, चंद्रपूर, धुळे, एरंडोल, गोवा, पुणे, ठाणे, वसई; मुंबई आणि नाशिक; सातारा; जळगाव आणि कोल्हापूर. एवढ्यात दगाबाज गट जवळजवळ पूर्ण होतो. एक खड्डा मात्र लक्षात ठेवावा. एफसाठी फलटण म्हणू नये, कारण रोमनमध्ये फलटणची सुरुवात पीने होते. तिथे 'फॅन'च बरा. डब्ल्यूला गावाची गरज नाही, त्याचे नाव दुसऱ्या कशासारखेच वाजत नाही.

लिहिण्याचा भाग थोडक्यात. मराठीकडे ॲ आणि ऑ यांच्या स्वतंत्र खुणा आहेत, त्या वापराव्यात: रॅम, रॉम, ॲस्की. 'रोम' लिहिले की ते शहर होते. सुट्या अक्षरांची लघुरूपे टिंबे न देता सलग लिहावीत, वृत्तपत्रांत ते रुळलेच आहे. टिंब दशांशाचेही चिन्ह असल्याने तांत्रिक मजकुरात ते जितके कमी तितके बरे. 'आय' हे मराठी वळण आहे, हिंदीच्या 'आई'ची नक्कल करून 'आईसी' लिहायचे कारण नाही. आणखी एक गोष्ट छापील पानावर दिसत नाही, पण संगणकावर नडते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या सवयीने अनेक जण आजही 'अ' टंकून त्यावर चंद्र देतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत आणि युनिकोडच्या सामान्यीकरणातही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या नियमातही, ती एक होत नाहीत. एका प्रकरणात एक आणि दुसऱ्यात दुसरे वापरले, तर ई-पुस्तकात 'ॲस्की' शोधणाऱ्याला अर्धेच निकाल मिळतात. संपादकाने हस्तलिखित हाती आल्यावर सगळीकडे एकच संकेत करून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. उद्या हीच मुले बंगळुरूला किंवा परदेशात मुलाखतीला जातील, तिथे यांचे उच्चार चालतील का? चालतील, जर आपण दोन्ही सांगितले तर. झेडला अमेरिकेत झी म्हणतात, एसक्यूएलला सीक्वेलही म्हणतात, गिफला जिफही म्हणतात, एवढी माहिती समासात एका ओळीत मावते. दुसरा उच्चार ओळखता येणे ही मुलाखतीची तयारी झाली. स्वतःचा उच्चार लाजून सोडून देणे ही तयारी नव्हे. जो मुलगा 'येल ई डी' म्हणत त्याचा फॉरवर्ड व्होल्टेज आणि त्याला लागणारा रोधक बरोबर सांगतो, त्याचे ज्ञान पूर्ण आहे.

पुस्तकांनी नेमके काय करावे, तर लघुरूप पहिल्यांदा येते तिथे उच्चार, ओळख आणि घोळाची जागा अशा तीन गोष्टी द्याव्यात. डबल-ई-प्रॉमच्या पाठात पहिल्याच ओळीत असे छापले तर पुरे: 'उच्चार डबल-ई-प्रॉम. विजेने पुसता येणारी स्मृती. ईप्रॉम वेगळी, तिच्या पाठीवर काचेची खिडकी असते, चिप उलटसुलट करून बघा.' रेग्युलेटरच्या पाठात: 'सात-नऊ-शून्य-पाच, उणे पाच व्होल्टचा. पहिला पाय ग्राउंड. पत्रा इनपुटला जोडलेला, मायका विसरू नका.' प्रयोगवहीतही तसेच. आणि तोंडी परीक्षेला बसणाऱ्या परीक्षकाच्या सूचनापत्रात एक वाक्य वाढवावे: विद्यार्थ्याने लघुरूप कसेही उच्चारले तरी त्याला टेबलावरचा तो भाग उचलून दाखवायला सांगावे, आणि गुण त्याने काय उचलले यावर द्यावेत.